टाळेबंदीच्या काळात खेळाडूंचे ट्रेड कसे वाचावेत

ऑक्टोबर २०१० ते जुलै २०११ या नऊ महिन्यांत एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, एकाही खेळाडूचा एका संघातून दुसऱ्या संघात ट्रेड होऊ शकला नाही. बातम्यांमध्ये मात्र त्या काळात रोज कुणी ना कुणी ‘निघालेला’ असे. फिलाडेल्फियाचा केविन कोल्ब ॲरिझोनाला जाणार, सिनसिनाटीचा कार्सन पामर आता परत येणार नाही, वॉशिंग्टन डोनोव्हन मॅकनॅबला सोडणार, या बातम्या खोट्या नव्हत्या; पण त्यांतील कोणता व्यवहार कायद्याने शक्य आहे, कधी शक्य होईल आणि तोवर त्याची किंमत काय उरेल, हे त्यांवरून कळत नव्हते. ते आपले आपण कसे काढायचे, हे या लेखात सांगायचे आहे. उदाहरणे मुख्यतः २०११ मध्ये संघमालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीची घेतली आहेत, कारण कामगार तंट्याचा ट्रेडवर होणारा जवळजवळ प्रत्येक परिणाम त्या एका प्रकरणात पाहायला मिळतो. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकी खेळ, हे वेगळे सांगायला नको.

ट्रेड हा शब्द मराठी वाचकाला आयपीएलमुळे परका राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तो ट्रेडच होता. मात्र आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते आणि व्यवहार निव्वळ पैशांत होऊ शकतो. एनएफएलमध्ये खेळाडूचा चालू करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाच्या नावावर होतो, मोबदल्यात दुसरा खेळाडू किंवा ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, निवडहक्क दिला जातो, आणि करारात तसे खास कलम नसेल तर खेळाडूला कुणी विचारत नाही. त्याला फोनवर कळते आणि दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या शहरात हजर व्हायचे असते. तंट्याच्या काळात या खेळाडूंचे काय होते हे समजून घ्यायचे असेल तर ही विषमता कायम ध्यानात ठेवावी लागते.

कोणताही ट्रेड पुरा होण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: खेळाडूचा वैध करार, लीगच्या दिनदर्शिकेत ट्रेडला मोकळा असलेला काळ, नव्या संघाच्या डॉक्टरांनी केलेली तपासणी, आणि दोन्ही संघांच्या वेतनमर्यादेत, म्हणजे खेळाडूंच्या वेतनावर वर्षाला करायच्या खर्चाच्या कमाल मर्यादेत, बसणारा हिशेब. कामगार तंटा यांतील एकेक गोष्ट काढून घेतो. कधी एक, तर कधी चारही एकदम. म्हणून अफवा वाचताना ‘हा संघ खरोखर तयार आहे का’ याआधी ‘या चारांपैकी आज काय शिल्लक आहे’ हे विचारावे.

तंटा कोणाचा आहे?

पहिली पायरी तंट्याची जात ओळखण्याची. संप आणि टाळेबंदी यांतला फरक मुंबईच्या गिरण्या पाहिलेल्या समाजाला शिकवावा लागत नाही: काम कामगारांनी थांबवले तर संप, मालकांनी दरवाजे बंद केले तर टाळेबंदी. योगायोग असा की, १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगार संपावर गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनएफएलच्या खेळाडूंनीही संप केला. तो ५७ दिवस चालला आणि सोळा सामन्यांचा हंगाम नऊ सामन्यांवर आला. वेतनांत आणि परिस्थितीत दोन्ही संपांची तुलना होऊ शकत नाही, पण दोन्हीकडचा प्रश्न एकच होता: श्रमाची किंमत कोण ठरवणार?

फुटबॉलमध्ये तिसराही एक प्रकार असतो. एखादा खेळाडू एकटाच, स्वतःच्या करारावरून, सरावाला यायचे नाकारतो. हा वैयक्तिक तंटा झाला आणि ट्रेडवर त्याचा परिणाम सामूहिक तंट्याच्या नेमका उलट असतो. सामूहिक तंटा ट्रेड गोठवतो, तर वैयक्तिक तंटा ट्रेड घडवून आणतो. दोन्ही एकाच हंगामात आले म्हणजे काय होते, हे १९८७ मध्ये दिसले. त्या वर्षी खेळाडू २४ दिवस संपावर होते. मालकांनी तीन आठवडे बदली खेळाडू मैदानात उतरवले आणि संप मोडला. संपाची मुख्य मागणी, करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य, पदरात पडली नाही. लॉस एंजेलिस रॅम्सचा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू एरिक डिकरसन आपल्या वेतनावर नाराज होता, आणि अशा नाराज खेळाडूपुढे मार्ग एकच उरला होता, तो म्हणजे मालकाला ट्रेडसाठी भाग पाडणे. संप मिटल्यानंतर काहीच दिवसांनी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, तीन संघांमध्ये मोठा व्यवहार झाला. डिकरसन इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला. कोल्ट्सशी करार करायला तयार नसलेला नवोदित कॉर्नेलियस बेनेट बफेलो बिल्सकडे गेला. आणि रॅम्सना ग्रेग बेल व ओवेन गिल हे दोन खेळाडू, तसेच पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचे तीन निवडहक्क मिळाले. संपातून जे मिळाले नाही त्यासाठी खेळाडू पुढे न्यायालयात गेले, आणि १९९३ च्या सामूहिक करारात, म्हणजे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या करारात, फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर कोणत्याही संघाशी बोलणी करण्याचा हक्क, अखेर आली. तोपर्यंत ट्रेड हाच खेळाडूचा दरवाजा होता आणि त्याची किल्ली मालकाकडे होती.

आज कोणता करार लागू आहे?

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक चाहते गाळतात. सामूहिक करार ज्या दिवशी संपतो त्याच्या बऱ्याच आधीपासून ट्रेडचा बाजार बदलू लागतो. त्यामुळे तंट्याची सुरुवात टाळेबंदीच्या तारखेपासून न मोजता, करारातून बाहेर पडण्याचा इरादा एखाद्या पक्षाने जाहीर केला त्या दिवसापासून मोजावी.

२००६ चा सामूहिक करार मालकांना महाग वाटू लागला होता. मे २००८ मध्ये त्यांनी तो लवकर संपवण्याचा आपला हक्क वापरला. करारातच अशी तरतूद होती की, शेवटच्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, वेतनमर्यादा राहणार नाही. वरवर पाहता हे खेळाडूंच्या फायद्याचे होते, कारण मर्यादा नसेल तर संघ हवा तेवढा खर्च करू शकतो. पण त्याच तरतुदीत दुसरी बाजूही होती: त्या वर्षी पूर्ण मोकळा फ्री एजंट होण्यासाठी चारऐवजी सहा हंगामांची सेवा लागणार होती. परिणामी दोनशेहून अधिक खेळाडू, जे एरवी त्या वसंतात मोकळे झाले असते, ‘मर्यादित’ फ्री एजंट बनले. दुसऱ्या संघाला असा खेळाडू हवा असेल तर त्याने मूळ संघाला निवडहक्कांची भरपाई द्यावी लागे, आणि मूळ संघाला त्याला अडवण्याचाही अधिकार होता.

ट्रेडच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला, ते ब्रँडन मार्शलच्या उदाहरणावरून समजून घ्यावे. डेन्व्हरने त्याला २००६ मध्ये निवडले होते. चार हंगाम पुरे झाल्यावर जुन्या नियमाने तो २०१० मध्ये मोकळा झाला असता आणि डेन्व्हरच्या हाती फारसे काही लागले नसते. सहा हंगामांच्या अटीमुळे त्याच्यावरचा ताबा डेन्व्हरकडेच राहिला आणि एप्रिल २०१० मध्ये त्यांनी दुसऱ्या फेरीच्या दोन निवडहक्कांच्या मोबदल्यात तो मायामीला दिला. मालक आणि संघटना यांच्यातल्या भांडणाने एका स्वतंत्र होऊ घातलेल्या माणसाला पुन्हा विक्रीयोग्य मालमत्ता बनवले, असे मला या प्रकरणाकडे पाहताना स्पष्ट वाटते. मार्शलला मायामीत मोठा करार मिळाला, त्यामुळे त्याचे नुकसान कमी भासते. पण त्याच गटातल्या इतर अनेकांना तसे काही मिळाले नाही. सॅन डिएगोचा व्हिन्सेंट जॅक्सन आणि न्यू इंग्लंडचा लोगन मॅनकिन्स हे दोघे त्याच अटीत अडकले आणि २०१० च्या हंगामाचा मोठा भाग बाहेर बसून राहिले. पुढे लीगविरुद्ध दावा दाखल करणाऱ्या दहा खेळाडूंत या दोघांची नावे होती, यात नवल नाही.

वेतनमर्यादा नसलेल्या वर्षाचा आणखी एक परिणाम हिशेबाचा आहे. एनएफएलमध्ये करार करताना दिलेला बोनस मर्यादेच्या हिशेबात करारातील वर्षांवर वाटून दाखवला जातो. समजा, पाच वर्षांच्या करारात दोन कोटी डॉलरचा बोनस दिला, तर दर वर्षाच्या खाती ४० लाख पडतात. दोन वर्षांनी खेळाडू ट्रेड केला तर उरलेले १ कोटी २० लाख मूळ संघाच्या खाती येतात आणि खेळाडू गेलेला असूनही त्याची जागा अडवून बसतात. या भीतीने एरवी कित्येक ट्रेड होतच नाहीत. २०१० मध्ये ही भीती नव्हती, म्हणून अवजड करार उरकून टाकण्याची ती चांगली संधी होती. वॉशिंग्टनने आणि डॅलसने काही करारांचा मोठा भार त्या वर्षात ढकलला. मार्च २०१२ मध्ये लीगने त्याची शिक्षा म्हणून वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख डॉलर आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर दोन वर्षांत कापले. कराराच्या शेवटच्या वर्षी जे कागदावर मोकळे दिसते ते नंतर अंगाशी येऊ शकते, हे या प्रसंगातून ध्यानात घ्यावे आणि तंट्याच्या तोंडावर होणाऱ्या ट्रेडकडे पाहताना त्यांमागचा हिशेब पुढच्या दोन वर्षांपर्यंत तपासावा.

दिनदर्शिका आणि न्यायालय

एनएफएलमध्ये शरद ऋतूतील अंतिम मुदत उलटली की, मार्चमध्ये नवे लीगवर्ष सुरू होईपर्यंत ट्रेड बंद असतात. २०१० मधली ती मुदत ऑक्टोबरमध्ये संपली. नवे लीगवर्ष मार्च २०११ च्या सुरुवातीला उघडायचे होते, पण त्याआधीच करार संपत होता. वॉशिंग्टन शहरात केंद्रीय मध्यस्थ जॉर्ज कोहेन यांच्यासमोर वाटाघाटी सुरू होत्या आणि मुदत आधी एक दिवसाने, मग एका आठवड्याने वाढवली गेली. ११ मार्चला बोलणी फिसकटली. त्याच दिवशी संघटनेने कामगार संघटना म्हणून आपले स्थान सोडले, जेणेकरून खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याखाली मालकांवर दावा लावता यावा. टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीस आदी खेळाडूंनी मिनेसोटात तो दावा दाखल केला आणि १२ मार्चला मालकांनी टाळे लावले. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नेहमीप्रमाणे मिटलेला दरवाजा मार्चमध्ये उघडलाच नाही. लेखाच्या सुरुवातीचे नऊ महिने आले ते असे. टाळेबंदीचा काळ तपासताना तिच्या आधीच्या बंद महिन्यांचीही बेरीज करावी.

टाळेबंदीत खेळाडूला संघाच्या इमारतीत पाऊल टाकता येत नाही, प्रशिक्षकाशी बोलता येत नाही, संघाच्या डॉक्टरांकडे जाता येत नाही, आणि संघांना कोणताही करार किंवा बदल नोंदवता येत नाही. त्यामुळे दोन व्यवस्थापक आपसांत कितीही सहमत झाले तरी त्याला ट्रेड म्हणता येत नाही. ‘तत्त्वतः ठरले आहे’ अशी बातमी आली तर तिचे मूल्य एवढेच की, दरवाजा उघडल्यावर कोण आधी धावेल ते कळते.

तारखांबरोबर न्यायालयावरही नजर ठेवावी लागते, पण एका निकालावर भिस्त ठेवू नये. २५ एप्रिलला न्यायाधीश सुसान नेल्सन यांनी टाळेबंदीला मनाई केली. २९ एप्रिलला काही खेळाडू संघाच्या इमारतीत गेले, काहींना डावपेचांच्या वह्याही मिळाल्या, आणि त्याच दिवशी अपील न्यायालयाने मनाईला तात्पुरती स्थगिती दिली. ८ जुलैला आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ठरवले की, १९३२ च्या नॉरिस-लागार्डिया कायद्यामुळे न्यायालयाला ही टाळेबंदी मनाई हुकमाने उठवता येणार नाही. ज्यांनी एप्रिलच्या निकालावरून उद्या ट्रेड सुरू होतील असे धरले होते त्यांचा अंदाज एका दिवसात कोसळला. कोणता पक्ष किती काळ तग धरू शकेल हे अधिक उपयोगी पडते. मालकांनी सामने झाले नाहीत तरी दूरचित्रवाणी कंपन्यांकडून सुमारे चार अब्ज डॉलर मिळतील अशी तजवीज केली होती. १ मार्चला न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी हे करार खेळाडूंच्या हिताविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. त्याने मालकांचे पाठबळ कमी झाले आणि तंटा हंगामाच्या तोंडाशी मिटण्याची शक्यता वाढली.

खेळाडू थांबतात, निवडहक्क थांबत नाहीत

२०११ चा ड्राफ्ट टाळेबंदीतही झाला, २८ ते ३० एप्रिल या दिवसांत, न्यू यॉर्कमध्ये. जुन्या करारात त्या ड्राफ्टची तरतूद होती. त्यात संघांना निवडहक्कांची अदलाबदल करता येत होती, पण खेळाडूचा समावेश असलेला व्यवहार करता येत नव्हता. वाचकाने येथे दोन वेगळी खाती उघडावीत: एक खेळाडूंचे, दुसरे निवडहक्कांचे. पहिले गोठलेले असताना दुसरे पूर्ण वेगाने चालू राहू शकते.

अटलांटाने सहाव्या क्रमांकावर जाऊन ज्युलिओ जोन्सला घेण्यासाठी क्लीव्हलँडला पाच निवडहक्क दिले. त्यांत २०१२ च्या पहिल्या आणि चौथ्या फेरीचेही हक्क होते. न्यू ऑर्लीन्सने मार्क इंग्रॅमसाठी न्यू इंग्लंडला २०११ च्या दुसऱ्या आणि २०१२ च्या पहिल्या फेरीचा हक्क दिला. २०१२ चा ड्राफ्ट होईलच याची हमी देणारा कोणताही करार त्या रात्री अस्तित्वात नव्हता, हे ध्यानी घ्या. उलट, ड्राफ्टची पद्धतच बेकायदा आहे असे म्हणणारा दावा न्यायालयात होता. तरीही संघांनी पुढच्या वर्षाचे हक्क नाण्यासारखे वापरले, याचा अर्थ मालकांना तंटा मिटण्याची पक्की खात्री होती. तंट्याच्या काळात मालकांच्या जाहीर वक्तव्यांपेक्षा ते भविष्यातील हक्कांना काय भाव देतात यावरून त्यांचे खरे मत समजते, असा माझा अनुभव आहे.

खेळाडूंचे खाते बंद असल्याचा परिणाम निवडींवरही झाला. ज्या संघांना अनुभवी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, हवा होता त्यांना एप्रिलमध्ये तो मिळवण्याचा मार्गच नव्हता. पहिल्या बारा निवडींत चार क्वार्टरबॅक गेले: कॅम न्यूटन पहिला, जेक लॉकर आठवा, ब्लेन गॅबर्ट दहावा आणि ख्रिश्चन पाँडर बारावा. नेहमीसारखा मार्च असता आणि कोल्ब, मॅकनॅब, पामर ही नावे बाजारात असती, तर शेवटच्या तिघांपैकी एखादा तरी खाली घसरला असता असे मला वाटते. फिलाडेल्फियाचेही नुकसान झाले. त्यांना कोल्बच्या बदल्यात त्याच वर्षीचा हक्क हवा असता, पण ड्राफ्ट होऊन गेल्यावर उरला तो पुढच्या वर्षाचा. ड्राफ्टच्या आधी आणि नंतर एकाच खेळाडूची किंमत सारखी राहत नाही. म्हणून टाळेबंदी ड्राफ्ट ओलांडणार असे दिसले की, ट्रेडसाठी उभ्या असलेल्या प्रत्येक खेळाडूचा अंदाजित भाव एक पायरी खाली आणावा.

दरवाजा उघडतो तो आठवडा

२१ जुलै २०११ रोजी मालकांनी नव्या कराराला ३१ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली; ओकलँडने मत दिले नाही. २५ जुलैला खेळाडूंच्या प्रतिनिधींनी होकार दिला आणि टाळेबंदी संपली. एरवी मार्च ते जुलै असे पाच महिने पसरलेले काम पाच-सहा दिवसांत उरकायचे होते: नवोदितांचे करार, फ्री एजंट, कपात, ट्रेड आणि सराव शिबिरे, सगळे एकत्र.

या आठवड्यात कोणते ट्रेड आधी होतील हे ओळखण्याची रीत सोपी आहे. ज्यांत मूळ संघाला खेळाडू नकोच आहे ते सर्वांत आधी होतात, कारण तेथे घासाघीस कमी असते. मॅकनॅब मिनेसोटाला गेला तो केवळ सहाव्या फेरीच्या हक्कांवर. अल्बर्ट हेन्सवर्थ, ज्याने २००९ मध्ये वॉशिंग्टनशी दहा कोटी डॉलरचा करार केला होता, तो पाचव्या फेरीच्या एका हक्कावर न्यू इंग्लंडला गेला. चॅड ओचोसिंको सिनसिनाटीहून न्यू इंग्लंडला गेला, रेजी बुश मायामीला, ग्रेग ओल्सन शिकागोहून कॅरोलिनाला. या गर्दीत कोल्बचा व्यवहार उठून दिसतो: ॲरिझोनाने त्याच्यासाठी डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी हा चांगला बचावपटू आणि २०१२ च्या दुसऱ्या फेरीचा हक्क दिला, कारण दोन्ही बाजूंना चार महिने विचार करायला मिळाले होते आणि मागणी खरी होती.

येथेच घाईचा दंड मोजावा. वसंतातील सराव नाही, प्रशिक्षकाशी भेट नाही, डावपेचांची वही शिबिराच्या पहिल्या दिवशी हातात. त्यातच नवे करार केलेल्या खेळाडूंना ४ ऑगस्टला करार पूर्णपणे संमत होईपर्यंत सरावात उतरता येत नव्हते. ओचोसिंकोने न्यू इंग्लंडच्या गुंतागुंतीच्या पद्धतीत त्या हंगामात १५ झेल घेतले. हेन्सवर्थला नोव्हेंबरमध्ये आणि मॅकनॅबला डिसेंबरमध्ये संघाने सोडले. कोल्ब नऊच सामने खेळू शकला. सगळा दोष टाळेबंदीचा नव्हे. वय आणि दुखापतीही होत्या. पण संघ बदलणाऱ्या खेळाडूला शिकण्यासाठी लागणारे आठवडेच जर तंट्याने गिळले असतील, तर त्या वर्षीच्या ट्रेडकडून पहिल्या हंगामात फार अपेक्षा ठेवू नये, आणि ज्या जागांवर डोक्याचे काम अधिक, म्हणजे क्वार्टरबॅक आणि चेंडू झेलणारे खेळाडू, तेथे तर मुळीच ठेवू नये.

काही जण या आठवड्यातही अडकून राहतात. पामरने सिनसिनाटीला परतण्यापेक्षा निवृत्ती पत्करू असे सांगितले होते. मालक माइक ब्राउन यांनी जुलैमध्ये ट्रेडला नकार दिला. त्यांनी तोवर अँडी डाल्टनला दुसऱ्या फेरीत निवडून ठेवले होते. पामर घरीच बसला. ऑक्टोबरमध्ये ओकलँडचा क्वार्टरबॅक जेसन कॅम्पबेलचे गळपट्टीचे हाड मोडले आणि १८ ऑक्टोबरला, ट्रेडच्या अंतिम मुदतीच्या दिवशी, ओकलँडने पामरसाठी २०१२ च्या पहिल्या फेरीचा आणि २०१३ चा सशर्त हक्क मोजला. टाळेबंदी संपली तरी ज्याचा वैयक्तिक तंटा शिल्लक आहे त्या खेळाडूसाठी खरी तारीख अंतिम मुदतीचीच असते. ती मुदत २०१२ पासून हंगामाच्या आठव्या आठवड्यानंतर आणि २०२४ पासून नवव्या आठवड्यानंतर आली आहे.

नव्या कराराने भाव कसा बदलतो

तंटा मिटला की, बातम्या ट्रेडकडे वळतात आणि करारातली कलमे कुणी वाचत नाही. ती वाचावीत, कारण पुढची अनेक वर्षे ट्रेडचे दर तेथेच ठरतात. २०११ च्या कराराने त्या वर्षीची वेतनमर्यादा १२ कोटी ३ लाख ७५ हजार डॉलर ठेवली, फ्री एजन्सीची अट पुन्हा चार हंगामांवर आणली, आणि नवोदितांच्या वेतनाला ठरीव पट्टी लावली. यातले शेवटचे कलम सर्वांत दूरगामी ठरले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता, त्यांतले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकावरच्या न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. वरच्या क्रमांकाची निवड जी पूर्वी ओझे वाटे ती एकाएकी सवलतीची वस्तू झाली. मार्च २०१२ मध्ये वॉशिंग्टनने दुसऱ्या क्रमांकासाठी, म्हणजे रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याच्यासाठी, सेंट लुइसला पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. जुन्या वेतनपद्धतीत एवढी किंमत कुणी मोजली असती असे मला वाटत नाही. ज्येष्ठ खेळाडूंनी नवोदितांचा हिस्सा सोडून दिला आणि मालकांनी तो आनंदाने घेतला. तरुण खेळाडू त्या खोलीत नव्हते, याचे वाईट वाटते.

सध्याचा करार मार्च २०२० मध्ये खेळाडूंनी १,०१९ विरुद्ध ९५९ अशा निसटत्या मतांनी स्वीकारला आणि तो २०३० च्या हंगामापर्यंत आहे. त्यात शिबिराला न येणाऱ्या अनुभवी खेळाडूला दिवसाला ५०,००० डॉलरचा दंड आहे आणि तो माफ करण्याची मुभा संघाला नाही. म्हणून आता नाराज खेळाडू सहसा घरी बसत नाही. तो शिबिरात येतो, बैठकांना बसतो, पण सराव करत नाही. डॅलसच्या मायका पार्सन्सने २०२५ च्या उन्हाळ्यात हेच केले आणि २८ ऑगस्टला तो ग्रीन बेला ट्रेड झाला. डॅलसला केनी क्लार्क आणि पहिल्या फेरीचे दोन हक्क मिळाले, तर पार्सन्सला चार वर्षांचा १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार. आजच्या बातम्यांत एखादा मोठा खेळाडू शिबिरात हजर आहे पण पाठदुखीमुळे सराव करत नाही असे वाचले, तर त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष कोणते ते आधी पाहावे.

पुढच्या सामूहिक तंट्याची तयारी करायची असेल तर निरीक्षण २०२९ च्या आसपास सुरू करावे. निवडहक्क आतापर्यंतच्या रीतीने साधारण तीन वर्षे पुढचे देता येतात, त्यामुळे त्या सुमाराला २०३२ च्या ड्राफ्टचे हक्क व्यवहारांत दिसू लागतील, म्हणजे आजचा करार संपल्यानंतरचे. संघ ते सढळ हाताने देत आहेत की अटी घालून, हे टिपून ठेवावे. शेवटच्या वर्षासाठी वेतनमर्यादेची आणि फ्री एजन्सीची तरतूद काय आहे ते करारातून काढावे, आपल्या संघातील कोणत्या खेळाडूंचे करार नेमके २०३० नंतर संपतात त्यांची यादी करावी, आणि २०१० मध्ये अडकलेल्या दोनशे जणांप्रमाणे त्यांतले कोण मधल्या मध्ये सापडू शकतात त्या नावांखाली रेघ ओढावी.